सरांच्या नावावरचं सलाईन

आमच्या जिल्ह्यातल्या सरकारी डॉक्टरांमध्ये सरांची एक गोष्ट सांगितली जाते. एका मधुमेही बाईचं हृदय थकलेलं होतं. सरांनी अशक्तपणा समजून तिला सलाईन लावलं, ते पाणी फुप्फुसांत चढलं आणि बाई मरता मरता वाचली. एवढा मोठा माणूस, पण स्वतःची चूक भर वर्गात सांगायचा, असं म्हणून गोष्ट संपते. सरांना जाऊन दोन महिने झाले, तरी ती चालूच आहे. गोष्ट खरी आहे. बाईही खरी आहे, अजून दर शनिवारच्या बाजारात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसते. फक्त ते सलाईन सरांनी लावलं नव्हतं. मी लावलं होतं.

एवढं एक वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. ते कुणापुढे तरी तोंडाने म्हणायचं अजून बाकी आहे, आणि येत्या गुरुवारी सरांच्या जागी मला वर्गावर उभं राहायचं आहे. त्याआधी सर कसे होते ते नीट आठवून ठेवावं म्हणून लिहायला बसले.

सर जिल्ह्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले फिजिशियन. आराम करायच्या वयात त्यांच्याकडे एक काम आलं. खेड्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर आमच्यासारखे एमबीबीएस डॉक्टर असतात. शुगरच्या पेशंटचं हृदय कसं जपायचं, ते बिघडतंय हे वेळेवर कसं ओळखायचं, हे त्यांना शिकवायचं काम. असली प्रशिक्षणं शहरात, पंख्याखाली, पडद्यावर चित्रं दाखवून होतात. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘मी तिकडं येणार नाई. पेशंट जिथं बसते तिथं शिकवीन.’ मग ते बसने येत. भीमपूरकडे, इंद्रवेल्लीकडे, जिथं केंद्र असेल तिथं. खांद्याला शाळेतल्या पोराचं दप्तर, त्यावर सशाचं चित्र, आणि आत ईसीजीचं छोटं मशीन. दप्तर नातवाचं होतं म्हणे. कुणी हसलं की विचारत, ‘काऊन? मशीन चालते न?’

वर्ग सुरू व्हायच्या आधी तासभर आम्हाला पेशंटांच्या बाकावर बसवत. स्टेथोस्कोप नाही, पांढरा कोट नाही, बोलायचंही नाही. नुसतं बसून ऐकायचं. पहिल्यांदा मला फार अवघडल्यासारखं झालं. शेजारच्या म्हातारीने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘तुले किती आहे वं शुगर?’ मी नाही म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. ‘लपवू नको माय, आजकाल साऱ्यायलेच आहे,’ म्हणाली. नंतर सरांनी एकेकाला विचारलं, काय ऐकलं. आमच्यातल्या एकाने सांगितलं, सगळे उशीर झाला म्हणून कुरकुरत होते. सर म्हणाले, ‘थे मी इथूनच ऐकलं. त्या निळ्या लुगड्यावाल्या बाईनं चप्पल काऊन हातात धरली, थे पाह्यलं का?’ कुणीच पाहिलं नव्हतं. तिचा पाय सुजला होता, चपलेत जात नव्हता.

‘छातीत दुखतं का?’ हा प्रश्न त्यांच्या वर्गात बंद होता. कुणी चुकून विचारला की म्हणत, ‘हा पिच्चरमधल्या डाक्टरचा प्रश्न आहे. तिथं हिरोचा बाप छाती धरून पडते. आपल्या पेशंटले पडाले टाइम कुठं आहे?’ मग खडू घेऊन फळ्यावर एक आडवी रेघ मारत. जुन्या शुगरने नसा बधिर होतात, पायाच्या होतात तशा हृदयाच्याही होतात. हृदय ओरडतं, पण आवाज वरपर्यंत पोचत नाही. पेशंट सांगतो, थकवा आला, दम लागला, घाम सुटला, जेवण जात नाही. छातीचं नावही काढत नाही. हे पुस्तकात आम्हीही वाचलं होतं. मी तर जरा जास्तच वाचलं होतं. पण सर ते विचारायला शिकवत होते. त्यांचा प्रश्न वेगळाच असे. ‘मागच्या पोळ्याले काय करत होती, जे औंदा होत नाई?’ या प्रश्नाला लोक लगेच उत्तर द्यायचे. मागच्या पोळ्याला देवळापर्यंत बैलामागे चालत गेलो होतो, औंदा दारातूनच पाया पडलो. मागच्या पोळ्याला पुरणाचं पातेलं मी एकटीने उतरवलं होतं, औंदा सुनेला हाक मारली. सर ते ऐकून आमच्याकडे वळत आणि म्हणत, ‘लिहून घ्या. हा रिपोर्ट आहे.’

त्यांना स्वतःलाही शुगर होती. बधिर पाय कसा तपासायचा हे शिकवताना ते टेबलावर चढून बसत, मोजे काढत आणि आम्हाला त्यांचा पाय तपासायला लावत. खिशात कापसाचं बोंड असायचं, कुणाच्या तरी शेतातून रस्त्यात तोडलेलं. त्यातली बोटभर पेळू वळून ते देत आणि डोळे मिटत. ‘लावा. सांगतो कुठं लागलं थे.’ एकदा आम्ही तळव्याला चार ठिकाणी कापूस लावला आणि ते डोळे मिटून शांतपणे वाट पाहत बसले. ‘अरे, लावा न!’ म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. मग त्यांना कळलं. डोळे उघडून त्यांनी आपल्या पायाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘बरं झालं. आता कापसाचं बिल वाचलं.’

पण त्यांच्या विक्षिप्तपणाचा खरा कळस ईसीजीच्या दिवशी झाला. मशीन कसं लावायचं हे दाखवायला पेशंट मिळेना, तेव्हा सर शर्ट काढून आडवे झाले. आम्ही बिचकत तारा लावल्या. पट्टी बाहेर आली. सर आडव्याआडव्याच म्हणाले, ‘वाचा.’ आमच्यातल्या सगळ्यात धीट डॉक्टरने पट्टी हातात घेतली, घसा साफ केला आणि म्हणाला, ‘नॉर्मल आहे, सर.’

‘नीट पाह्य.’

‘नॉर्मलच वाटते, सर.’

सरांनी हात लांब करून पट्टी ओढून घेतली. चष्मा कपाळावर सरकवून पाहिली. आम्हाला सगळ्यांनाच दिसलं होतं. हृदयाच्या खालच्या भिंतीला कधीतरी झटका येऊन गेला होता. जुना. सरांना त्याचा पत्ताच नव्हता. ते उठून बसले, तारा लोंबकळत होत्या, आणि त्या डॉक्टरला म्हणाले, ‘तुले दिसलं होतं का नाई?’

‘दिसलं होतं, सर.’

‘मंग बोलला काऊन नाई?’

‘तुमचा होता म्हणून, सर.’

सर हसले. ‘बापू, मी मेलो असतो तुझ्या इज्जतीपायी.’ मग शर्टाची बटणं लावता लावता ते दोन वर्षांपूर्वीचं आठवू लागले. उटनूरहून येताना एकदा बसमध्ये फार घाम आला होता, घाटात गाडी लागली असं वाटलं होतं. लिंबू चोखलं होतं. ‘पाह्यलं का,’ म्हणाले, ‘मीच शिकवतो आणि मीच लिंबू चोखतो.’ दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच्या गोळ्या वर्गात सगळ्यांसमोर घेऊ लागले. म्हणत, आता शिकवायला पेशंट सोबतच घेऊन फिरतो.

माझ्याशी त्यांचं वागणं जरा निराळं होतं. मी फार बोलत नाही. माझ्या टेबलाच्या खणात एखादं पुस्तक असतं, ओपीडी रिकामी झाली की मी ते वाचते. सरांनी ते पहिल्याच भेटीत ताडलं. खण उघडून विचारलं, ‘काय वाचून राह्यली?’ मी नाव सांगितलं. त्यांनी पहिलं पान उभ्याउभ्या वाचलं, परत ठेवलं. पुढे दर वेळी आले की विचारत, ‘त्या पुस्तकातल्या बाईचं मंग काय झालं?’ मी दोन वाक्यांत सांगायची. ते लक्ष देऊन ऐकायचे, जणू ती बाई आमच्याच केंद्रातली नोंदलेली पेशंट आहे.

आता तो शनिवार.

माझं केंद्र पैनगंगेच्या अलीकडे, सीमेवरच्या गावात. आमच्या भागात अशक्तपणावर एकच औषध लोकांना ठाऊक आहे, ते म्हणजे बाटली. सलाईनची बाटली लावून घेतली की अंगात जीव येतो, असा पक्का समज. गोळ्या लिहून दिल्या तर डॉक्टर कामाचा नाही. लोक मागतात, नाही म्हटलं तर चौकातल्या खासगी दवाखान्यात जाऊन लावून घेतात. त्यामुळे नाही म्हणायची आमची सवयच मोडली होती.

अनसूयाबाई बाजार करून आली. पन्नाशीची, भाजीच्या मळ्यात राबणारी, शुगर दहा-बारा वर्षांची. सोबत नवरा. ‘माय, एक बाटली लावून दे,’ ती म्हणाली, ‘चार दिवस झाले, अंगात जीवच नाई. टोपलं उचलत नाई.’

मी शुगर तपासली. कमी झाली असेल तर घाम येतो, थकवा येतो. कमी नव्हती, वाढलेली होती. बीपी थोडं कमी होतं. आणि मग मी विचारलं, छातीत दुखतं का? ती म्हणाली, नाई. मला सुटल्यासारखं वाटलं. बाहेर रांग होती, दुपारी सरांचा वर्ग होता, आठ केंद्रांचे डॉक्टर यायचे होते. मी सिस्टरला सलाईन लावायला सांगितलं. टोपलं का उचलवत नाही, हे विचारलं नाही.

अर्धी बाटली गेली असेल. सर बसमधून उतरून आले ते वॉर्डाच्या दारातच थांबले. अनसूयाबाई खाटेवर पाय खाली सोडून बसली होती, मान पुढे काढून, दोन्ही हात खाटेच्या कडेवर रोवून. सिस्टर तिला आडवं हो म्हणत होती, ती होत नव्हती. सरांनी काही विचारलं नाही. सरळ जाऊन बाटलीचं चाक फिरवून बंद केलं. मग वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडलाच. पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘पाणी वर चढून राह्यलं. ऑक्सिजन आण. पाणी उतरवायचं इंजेक्शन भर. गाडी बोलव.’

नवरा चिडला. ‘अहो, बाटली काऊन बंद केली? अर्धी बाकी आहे न!’

‘बाकी तू पी,’ सर म्हणाले.

‘म्हणजे काय? आमी काय फुकटचं मागून राह्यलो का?’

‘नाई रे बापू. तुझ्या वावरात ठिबक आहे का? वावरातलं पाणी बाहेर उपसणारी मोटर बंद पडली आणि तू ठिबक चालूच ठेवलं, तर काय होईन?’

नवरा म्हणाला, ‘वाफा डुबन.’

‘हिचा वाफा डुबून राह्यला. आता बोलू नको, हिचा हात धर.’

ईसीजीची पट्टी काढली. तिला झटका येऊन गेला होता, बहुधा त्याच चार दिवसांत. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला दिली. गाडी यायला वेळ होता. तिला टेकायला काही नव्हतं, आमच्या वॉर्डात तेव्हा धड उशाही नव्हत्या. सर खाटेच्या दुसऱ्या बाजूने चढून बसले आणि तिच्या पाठीला आपली पाठ लावली. गाडी येईपर्यंत ते दोघं तसेच बसून होते, पाठीला पाठ लावून, बैलगाडीत उलट्या तोंडाने बसल्यासारखे. तिची धाप हळूहळू उतरत होती. सर समोरच्या भिंतीकडे पाहत मधूनमधून विचारत होते, ‘हाव न माय? आहे न?’ आणि ती ‘हाव’ म्हणत होती. मी इंजेक्शनची रिकामी सुई हातात घेऊन उभी होते.

दुपारी वर्ग भरला. मी तिसऱ्या रांगेत भिंतीला लागून बसले. आता हे माझं नाव घेणार, याची मला खात्री होती. ते योग्यच झालं असतं. उद्यापासून ही नोकरी सोडायची, घरी काय सांगायचं, हेही मी ठरवून टाकलं होतं. सरांनी हातातला खडू फिरवला आणि म्हणाले, ‘आज सकाळी मी एका बाईले बाटली लावली.’

दारात सिस्टर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं.

सरांनी सगळं सांगितलं. शुगर किती होती, बीपी किती होतं, बाहेर रांग होती, मी घाईत होतो. ‘मी विचारलं, छातीत दुखते का. ती नाई म्हणाली. मले बरं वाटलं.’ मला नेमकं काय वाटलं होतं, ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. ते पुढे म्हणाले, ‘थे बरं वाटणं लक्षात ठेवा. थे आलं की थांबा आणि पुन्हा विचारा.’

मग ज्याने ईसीजी नॉर्मल आहे म्हणून सांगितलं होतं, तो डॉक्टर उठला. त्याच्या केंद्रावर मागच्या वर्षी एक म्हातारा असाच गेला होता. त्याने गॅसची गोळी दिली होती. त्याच्यामागून आणखी एक उठला. त्या दुपारी पाच जणांनी आपापले पेशंट सांगितले, नावासकट, गावासकट. आठ डॉक्टर होतो आम्ही. मी उठले नाही.

संध्याकाळी त्यांना बसथांब्यावर सोडायला गेले. शेवटी विचारलं, ‘सर, तुम्ही असं का सांगितलं?’

‘तू उभी राह्यली असती तर साऱ्यायनं तुले पाह्यलं असतं. मी उभा राह्यलो, तर त्यायनं त्या बाईले पाह्यलं.’

‘पण चूक माझी होती.’

‘हाव. तुझीच होती. मी कुठं माफ केली? उधार घेतली.’ बस येताना दिसली तसं त्यांनी दप्तर खांद्यावर चढवलं. ‘तुले जवा उभं राहता येईन, तवा घेऊन जा.’

अनसूयाबाई बरी झाली. दीड महिन्याने केंद्रावर आली, म्हाताऱ्या डाक्टरसाठी वांगी घेऊन. सर नव्हते, म्हणून मला दिली. गोळ्या नियमित घेते म्हणाली. निघताना थांबून हळूच म्हणाली, ‘माय, आता तरी एखादी लहानशी बाटली लावता येईन का?’

मी नोकरी सोडली नाही. उलट सरांच्या वर्गांत मदत करू लागले, मग त्यांच्यासोबत मुधोळपर्यंत फिरू लागले. प्रत्येक ठिकाणी ते बाटलीची गोष्ट सांगत, प्रथमपुरुषी, तपशिलासकट. मी मागे बसून ऐकत असे. सांगताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि वर्ग संपल्यावर एकदाही विषय काढला नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी उठायचं आणि आपला पेशंट सांगायचं. त्यातल्या काही पेशंटांना पुन्हा बोलावून तपासता आलं, गोळ्या सुरू करता आल्या. मला वाटायचं, गोष्ट काम करते आहे, तर कुणाच्या नावावर आहे याने काय फरक पडतो? हे माझं वाटणं सोयीचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

सर पोळ्याच्या आठ दिवस आधी गेले. त्यांच्याच हृदयाने. शोकसभेत एका मोठ्या अधिकाऱ्याने ती गोष्ट सांगितली आणि लोकांचे डोळे भरले. मी खुर्चीच्या हाताला धरून अर्धी उठले होते. तेवढ्यात पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. पुढचं गुरुवारनंतर लिहिते आहे.

गुरुवारी वर्गात अकरा डॉक्टर होते. बहुतेकांनी सरांना पाहिलेलंही नाही, पण बाटलीची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. मी खडू हातात घेतला आणि सांगितलं, ते सलाईन मी लावलं होतं. मग सुरुवातीपासून सगळं सांगितलं. बरं वाटलं होतं तेही सांगितलं. सिस्टर अजून त्याच केंद्रावर आहे, आणि वर्ग तिथेच होता. ती दारातच उभी होती, आणि या वेळी तिने खाली पाहिलं नाही.

समोरच्या एका मुलीने विचारलं, ‘म्हणजे सर खोटं बोलले, मॅडम?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘दर वेळी.’

मला वाटलं, झालं, गोष्ट संपली, आता कुणीच काही सांगणार नाही. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक डॉक्टर उठला. नोकरीला जेमतेम सहा महिने झालेले. त्याचा चेहरा उतरला होता.

‘मॅडम, मी परवा एका बाईला लावलं. शुगर आहे तिला. थकवा आहे म्हणाली. सलाईन संपल्यावर बरं वाटतं म्हणाली आणि घरी गेली.’

‘काय काय विचारलं होतंस?’

‘छातीत दुखतं का, एवढंच,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘गाव कोणतं? तिथल्या आशा सेविकेला फोन लाव.’

त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. आशाताईंचा आवाज आला, मागे शेळ्या ओरडत होत्या. ‘अवो डाक्टर, मी आत्ता तिच्याच घरी आहे. सकाळपासून बसूनच आहे बिचारी. आडवं होता येत नाई म्हणते. दुपारी चौकातून बाटलीवाल्याले बोलावून राह्यले तिच्या घरचे.’

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याने फोन आधीच उचलला होता.

‘बाटली लावू देऊ नका,’ तो म्हणाला. ‘बसूनच राहू द्या तिले, पाठीमागं कोणी तरी टेकून बसा. गाडी बोलवा. मी येऊन राह्यलो. आणि ताई, तिच्या घरच्यायले सांगा, परवा माझं चुकलं होतं.’

तो निघाला. मी खडू खाली ठेवला आणि त्याच्या मागून गेले.